तीनशे रुपयांचे बुश

गेल्या मे महिन्यात निपाणीला मामांकडे जाऊन आलो. परतल्यावर कचेरीतल्या एका सहकाऱ्याने विचारले, "काय पात्रांव, रजा कशी गेली?" मी म्हटले, "गाडीखाली." त्याला वाटले अपघात झाला. खुलासा केला तेव्हा तो चकितच झाला. "तू? बीए मराठीवाला? गाडीखाली? मेकॅनिक सगळे मेले काय?"

सहकाऱ्याचा राग नाही. हाच प्रश्न मला घरी, शेजारी आणि एका साहित्यिक मित्राच्या तोंडूनही ऐकावा लागला. मित्राने तर उपदेशही केला, "अरे, तो वेळ दोन लेख लिहायला दिला असतास तर!" तर मित्रहो, त्याच्या समाधानासाठी हा एक लेख. विषय मात्र गाडीखालचाच आहे.

आधी गाडीची ओळख. मामांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडे सगळे तिला 'फियाट'च म्हणतात, कारण मूळ वंश इटलीच्या फियाट ११०० चा. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघायची. १०८९ सीसीचे इंजिन, पुढचे चार गिअर, आणि गिअरचा दांडा खाली जमिनीवर नव्हे, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. म्हणजे आपला 'हँडगिअर'. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगतो.

गिअरबॉक्स खाली, इंजिनच्या मागे. दांडा वर, हाताशी. या दोघांचा संबंध जोडायचा कसा? स्टिअरिंगच्या दांड्यालगत एक नळी खाली जाते, तिच्या तळाशी छोट्या लिव्हर असतात, आणि तिथून दोन रॉड गिअरबॉक्सकडे जातात. एक रॉड कुठल्या जोडीतला गिअर हवा ते निवडतो, दुसरा तो गिअर टाकतो. जिथे जिथे रॉड लिव्हरला भेटतो तिथे पिन, आणि पिनेभोवती बुश. बुश म्हणजे बोटात मावेल एवढी कडी. बास. हिलाच लिंकेज म्हणायचे. यात गुप्त असे काही नाही. बॉनेट उघडा, वाका, दिसते.

दोष एवढाच की हे बुश झिजतात. एका सांध्यात केसाएवढा प्ले आला तर कळतही नाही. पण चार सांध्यांतला प्ले एकत्र झाला की हात सांगतो एक आणि गिअरबॉक्सला ऐकू येते दुसरे. दांडा न्यूट्रलमध्ये आहे असे वाटते आणि खाली एक लिव्हर अर्धी पहिल्यात, दुसरी भलतीकडेच. गिअर 'फसतो'. मग जुने ड्रायव्हर काय करत? उतरत, बॉनेट उघडत, हात घालून लिव्हर सरळ करत, आणि फडक्याला हात पुसत परत येऊन बसत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कितीजणांनी हे नाटक सिग्नलवर पाहिले असेल! ३० ऑक्टोबर २०२३ ला तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि नाटकही संपले.

मामांची गाडी फसली ती कोगनोळीच्या नाक्यावर. आम्ही कोल्हापूरहून येत होतो. मागे ट्रकांची रांग. मराठी, कन्नड आणि हिंदी, तिन्ही भाषांत आमचा उद्धार झाला. (सीमाभागातला खरा त्रिभाषा फॉर्म्युला!) मामा सत्तरीपुढचे, त्यांना वाकवेना. मी बॉनेट उघडले, मामा आतून सांगत होते, "डावीकडची, डावीकडची ओढ रे." मी ओढली. खट् आवाज आला. गाडी निघाली. खरे सांगतो, पहिला लेख छापून आला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजात गाडी नेली. शहराचे नाव नको, गॅरेजचेही नको. काचेच्या केबिनमधल्या तरुणाने बॉनेट न उघडता निकाल दिला. "याचे पार्ट येत नाहीत. कॉलम असेम्ब्ली अख्खी बदलावी लागेल, आणि ती मिळणार नाही. अंकल, भंगारात टाका." मामा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाले, "त्यानं बघितलं असतं आणि नाही म्हणाला असता, तर वाईट वाटलं नसतं."

माझ्या मनात या लेखाची सुरुवात त्या वाक्यापाशी झाली.

मग घरीच करायचे ठरले. गल्लीतले एक निवृत्त मिस्त्री आले, खुर्ची टाकून बसले. आता गुडघे साथ देत नाहीत, पण तोंड देते. अंगणात सपाट जागा पाहिली, चाकांना पुढेमागे दगड लावले, हँडब्रेक ओढला. गाडी जॅकवर घेतली तेव्हा मिस्त्री ओरडले, "नुसत्या जॅकवर आत शिरू नका पावणं, बायको-पोरं हायत न्हवं?" खाली लाकडी ठोकळे दिले, मगच आत शिरू दिले. स्प्लिट पिना काढल्या, वॉशर कुठल्या क्रमाने निघाले ते कागदावर लिहून ठेवले. (कारकुनाचा एवढा तरी उपयोग.) रॉड सुटले. चारपैकी दोन सांध्यांतले बुश पार गेलेले, आणि एक पिन एका अंगाने चपटी झालेली. चाळीस वर्षांच्या गाडीचा आजार एवढाच! मुठीत मावेल इतका.

निपाणीत बुश मिळेना. म्हणून नमुना खिशात घालून पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव गाठले. उद्यमबागेत एका छोट्या शेडमध्ये लेथवर बसलेल्या टर्नरने पिन डोळ्यांसमोर धरली, व्हर्निअर लावला, आणि शेजाऱ्याशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि फोनवर हिंदीत बोलत अर्ध्या तासात गनमेटलचे दोन बुश आणि एक पिन काढून दिली. किती झाले? तीनशे. "पितळी नको, गनमेटल टिकतंय," एवढा सल्ला वर.

संध्याकाळी जोडणी. इथे खरी मेख आहे. बुश बदलले की काम संपत नाही, मापात बसवावे लागते. खाली गिअरबॉक्सवरची लिव्हर हाताने न्यूट्रलला आणायची. वर दांडा न्यूट्रलला धरून ठेवायचा. मग रॉडच्या टोकाचे आटे फिरवून लांबी अशी जुळवायची की टोक पिनेवर अलगद बसले पाहिजे. ढकलावे लागले तर लांबी चुकली. बसले की चेकनट आवळायचा, नव्या स्प्लिट पिना घालायच्या, ग्रीस भरायचे. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे, रिव्हर्ससकट. मग क्लच दाबून, इंजिन चालू करून. माझी लांबी दोनदा चुकली. मिस्त्री तिसऱ्या वेळी म्हणाले, "घाई कुणाला हाय?" तिसऱ्यांदा टोक बसले.

ही झाली हकीकत. आता भांडण.

पहिले भांडण माझ्याच जातीशी. जात म्हणजे जन्माची नव्हे, आम्हा लेखणीवाल्यांची. आम्ही असे मानून चाललो आहोत की संस्कृती नावाची वस्तू कागदावर, रंगमंचावर आणि देवळात राहते. लेथवर, भट्टीत आणि गाडीखाली जे घडते ते 'धंदा'. ज्याचे हात काळे होतात तो कारागीर आणि ज्याची बोटे शाईने निळी होतात तो सुसंस्कृत. ही वाटणी कुठून आली हे सांगायला समाजशास्त्र नको. लोहार, सुतार, चांभार यांना गावाच्या कडेला बसवून त्यांच्या हाताचे सगळे वापरणारी आपली जुनी खोड आहे, तिने आता टाय घातला आहे इतकेच. "मेकॅनिक मेले काय?" या प्रश्नात मेकॅनिकबद्दल कळवळा नाही. ते काम त्यांचेच, आपले नव्हे, ही खात्री आहे.

आणि ही खात्री बेळगावच्या भूमीवर तर फारच हास्यास्पद ठरते. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली तेव्हा नोकरीवर लाथ मारून बेळगावला आले. इथे भावाबरोबर त्यांचे दुकान होते, सायकली विकण्याचे आणि दुरुस्त करण्याचे. प्राध्यापकी सोडून सायकलच्या दुकानात! आजच्या भाषेत करिअरची माती. त्या मातीतून पुढे लोखंडी नांगर निघाला. नगराच्या वाढीत बेळगावची जागा गेली तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली.

इथवरचे सगळ्यांना माहीत असते. पुढचे आमचे साहित्यिक विसरतात. १९२० मध्ये त्याच नांगराच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते वाढवले, पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' काढले. मराठी मध्यमवर्गाला दोन पिढ्या विचार करायला लावणारी मासिके कुठल्या वाचनालयात जन्मली नाहीत, ओतशाळेच्या धुराशेजारी जन्मली. लोखंड आणि लेख यांचे वैर त्या लोकांना ठाऊक नव्हते. ते आम्ही नंतर लावले.

याहून जवळचे उदाहरण हवे? निपाणीचेच महादेव मोरे. गॅरेजात राबले, टॅक्सी चालवली, पिठाची गिरणी चालवली, आणि ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्या कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. २०२४ साली गेले. मराठीत असा दुसरा लेखक दाखवा म्हटले तर चाचपडावे लागेल. आम्ही त्यांना 'ग्रामीण' किंवा 'दुर्लक्षित' असे लेबल लावून कपाटात ठेवले. दुर्लक्ष केले कोणी? आम्हीच ना? पाना धरणारा हात लिहू शकतो याचे आम्हाला कौतुक वाटते, जसे सर्कशीतल्या अस्वलाने सायकल चालवल्याचे वाटते. लिहिणाऱ्या हाताला पाना धरता येत नाही याची मात्र कोणाला लाज वाटत नाही.

दुसरे भांडण सीमाभागातल्या संस्कृतिरक्षणाशी. बेळगावने १९४६ चे साहित्य संमेलन पाहिले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. तो इतिहास मोठा आहे, मी गोव्यात बसून त्याची थट्टा करणार नाही. भाषेचा प्रश्न खरा आहे, पाटीवर आपली अक्षरे नसण्याचे दुःखही खरे आहे. मराठी की कोंकणी या वादात वाढलेल्या आम्हा गोवेकरांना ते कळत नाही असे कोणी समजू नये.

पण भाषा जगते कुठे? 'आटे', 'चेकनट', 'बैठक', 'प्ले', 'फसला', 'खेचतंय', 'आवळ', 'अर्धा फेरा सोड' ही भाषा नव्हे काय? उद्यमबागेतला टर्नर तीन भाषांत एक पिन घडवतो, आणि त्या तिन्ही भाषांत पिनेचे माप एकच असते. ठराव करणाऱ्यांनी कधी या शब्दांचा कोश करायचे मनावर घेतले? मिस्त्री गेले की शब्द गेले. त्यांचा मुलगा पुण्यात कुरिअर वाटतो. मराठी मरते आहे अशी हाकाटी व्यासपीठावरून करायची आणि जिथे ती रोज ग्रीस लावून चालते आहे तिथे नाकाला रुमाल लावायचा, हे चालणार नाही.

तिसरे भांडण जरा वरच्या दरबाराशी. काचेच्या केबिनमधला तो मुलगा मूर्ख नव्हता. त्याला बघायचे शिकवलेलेच नव्हते, बदलायचे शिकवले होते. हा एका गॅरेजचा दोष नाही. २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण काय? बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधने मिळू न देणे. पुढे अपिले झाली, तो भाग वेगळा. पण निकालातले दुखणे आपल्या सगळ्यांचे आहे. वस्तू तुमची, पैसे तुमचे, आणि तिच्या आत डोकावायची परवानगी दुसऱ्याची! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढले. पोर्टलने बुश बदलत नाही, हे आम्ही सरकारी माणसे खाजगीत कबूल करतो.

दुसऱ्या बाजूने २०२१ चे भंगार धोरण आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशेचे पाच हजार झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी ते दहा हजारांवर गेले. कागद वाचणे हा माझा पेशा, म्हणून स्पष्ट सांगतो: तपासणीत पास झालेली खाजगी गाडी मोडाच असे हे धोरण म्हणत नाही. पण माणसाला थकवायला बंदी लागत नाही, शुल्क पुरते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे. तिथे गाडी मिरवता येते, रोज चालवता येत नाही. म्हणजे जुनी वस्तू एक तर भंगारात जावी नाही तर काचेत. कामात राहण्याची सोय नाही.

आता समोरून येणारे आक्षेप. ते खरे आहेत, टाळत नाही.

जुनी गाडी धूर जास्त सोडते. मान्य. कार्ब्युरेटरवाली पद्मिनी आजच्या गाडीइतकी स्वच्छ नाही आणि धडकेत तिच्यात बसणेही सुरक्षित नाही. रोज शंभर किलोमीटर तिनेच हिंडा, असे मी सांगत नाही. मामा आठवड्यातून एकदा बाजाराला नेतात. शिवाय माझे म्हणणे गाडी टिकवण्याचे नाहीच, करायची अक्कल टिकवण्याचे आहे. आज हँडगिअर, उद्या पंप, परवा मिक्सर, शिलाई मशीन. बॉनेट उघडायचे धैर्य एकदा गेले की ते एकेका वस्तूपुरते जात नाही.

घरी केले की मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो? आमच्या अंगणात मिस्त्रीशिवाय काही झाले नसते आणि उद्यमबागेच्या लेथशिवाय तर मुळीच नाही. ज्याने एकदा स्वतः लांबी जुळवली तो मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करत नाही. घासाघीस तोच करतो ज्याला वाटते, "दोन नट तर फिरवले!"

तिसरा आक्षेप, "आता सगळे ऑटोमॅटिक झाले, कसले लिंकेज घेऊन बसलास?" हा फार आवडता. ऑटोमॅटिक काही कालची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक आणली. आणि त्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांतही दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड किंवा केबलच जाते, तेच सांधे, तेच बुश. ते झिजले की सुई दाखवते 'पार्क' आणि खाली गिअरबॉक्स पार्कमध्ये गेलेलाच नसतो. उतारावर गाडी सोडून माणूस दुकानात जातो आणि गाडी त्याच्या मागोमाग निघते. तिथली माणसे सुट्टीच्या दिवशी दारात गाडी उभी करून हे घरीच करतात. चाकांना अडण लावायची, दोन्ही टोके न्यूट्रलला आणायची, रॉडची लांबी जुळवायची. मग इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते ना, आणि पार्कमध्ये गाडी ढकलून हलत नाही ना, ते पाहायचे. आमच्या निपाणीच्या मिस्त्रींना हे सांगितले तर म्हणाले, "मंग तेच की." आणि त्या कामाने कोणी तिथे हलका ठरत नाही. रॉबर्ट पर्सिगने १९७४ मध्ये मोटारसायकलच्या देखभालीवर तत्त्वज्ञानाचे पुस्तक लिहिले, ते आमचे साहित्यिक मित्र आदराने शेल्फवर ठेवतात. स्वतःच्या स्कूटरचा प्लग मात्र त्यांनी आजवर पाहिलेला नाही.

असो. फार लांबले.

निघण्याच्या दिवशी मामांनी गाडी काढली आणि मला निपाणीच्या स्टँडवर सोडले. वाटेत मुद्दाम चढावर थांबवली, पहिला टाकला, दुसरा टाकला. दांडा लोण्यात फिरावा तसा फिरत होता. मामेभाऊ मागे बसला होता. भंगारवाल्याशी बोलणी त्यानेच लावली होती. उतरताना हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी येशील तेव्हा उरलेले दोन बुश पण बदलूया काय? मला दाखव."

बेळगावच्या त्या शेडमध्ये मी नमुन्याची जुनी पिन ठेवून आलो आहे. कचेरीतल्या सहकाऱ्याला म्हटले, पुढच्या खेपेला तूही चल. तो हसला. अजून हो म्हणालेला नाही.